पाठकोऱ्या कागदावरचं साम्राज्य

१

नियमपुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘सुरुवातीचे प्रदेश खेळाडूंनी आपापसांत सामंजस्याने वाटून घ्यावेत.’ हे वाक्य लिहिणारा माणूस एकटा राहत असावा. निदान तो कुठल्या ऑफिसात नोकरीला तरी नक्कीच नसावा.

खेळ मुख्यालयाने पाठवला होता. आमची विम्याची शाखा त्याच इमारतीतल्या वरच्या, नव्या मजल्यावर जायची होती, आणि सामानाबरोबर जुनी भांडणंही वर जाऊ नयेत अशी मुख्यालयाची इच्छा होती. म्हणून एक मोठं खोकं आलं. त्यात घडीचा पट, फासे आणि रंगीत सोंगट्या. पटावर कोणत्याही भूगोलात नसलेलं एक जग : बेट, बंदर, वाळवंट, दलदल, डोंगर, मिठागरं. प्रत्येकाने आपल्या प्रदेशात फौज ठेवायची, मग शेजाऱ्यावर चढाई करायची आणि त्याचं होतं नव्हतं ते घ्यायचं. यातून संघभावना वाढते.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “उद्घाटनाच्या दिवशी खेळू. तेवढे प्रदेश वाटून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.”

“चिठ्ठ्या टाकू का?”

“चिठ्ठ्या कशाला? तुम्ही आस्थापना बघता ना? वाटप हेच तर तुमचं काम.”

हे खरं होतं. कोणी कुठे बसायचं, कोणाच्या डोक्यावर पंखा यायचा, कोणाच्या खुर्चीचा हात निखळलाय, हे सगळं आस्थापना विभाग बघतो. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे मतभेद होत नाहीत.

माझी स्वतःची खिडकीही याच कामात येते. खिडकीचं इथेच सांगून टाकतो, कारण पुढे गडबडीत राहून जाईल. नोकरीचा बहुतेक काळ मी रेकॉर्डच्या खोलीला लागून असलेल्या बोळात काढला. तिथे दिवस आहे की संध्याकाळ हे ट्यूबलाइट ठरवायची. मग एक गृहस्थ निवृत्त झाले आणि त्यांची खिडकी मला मिळाली. बाहेर विशेष काही नाही. एक झाड, एका गॅरेजचं पत्र्याचं छप्पर आणि त्या पत्र्यावर झोपणारी एक मांजर. पण चहाच्या वेळी मान वळवली की हे सगळं दिसतं, आणि आपलंही काहीतरी चाललंय असं वाटतं. नव्या मजल्यावर मला खिडकी हवी होती. एवढीच. त्याची काळजी मात्र नव्हती, कारण नव्या मजल्यावर कोण कुठे बसणार हे ठरवणार मीच होतो. पुढच्या आठवड्यात. आधी हा खेळ हातावेगळा करावा म्हटलं.

१-अ

घरी बायको म्हणाली, “अहो, फासे टाका आणि मोकळे व्हा.”

“असं कसं? कुणाला बेट येईल, कुणाला दलदल. लोक नाराज होतील.”

“खोटं बेट आहे ना ते?”

“खोटं असलं म्हणून काय झालं?”

“आणि तुम्ही कोणता प्रदेश घेणार?”

“मला काहीच नको. मी पंच आहे.”

दूध उतू जाणार हे माहीत असलेल्या माणसाने पातेल्याकडे बघावं, तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद करायला गेली. गॅसवर खरंच दूध होतं.

आमच्या इमारतीत सल्ला जिन्यात मिळतो, तोही न मागता. तळमजल्यावर भूगोलाचे एक निवृत्त सर राहतात. हातात भाजीची पिशवी असताना त्यांनी मला गाठलं. “आधी पाणी कुणाकडे ते बघा. पाणी ज्याचं, राज्य त्याचं.” मी म्हटलं, सर, पटावरचं पाणी नुसतं निळं रंगवलेलं आहे. “तरीसुद्धा,” सर म्हणाले.

आमच्या समोरच्या दारात वकिली करणारे एक काका आहेत. त्यांना सगळे स्थगितीकाका म्हणतात, कारण त्यांनी लक्ष घातलेलं काम थांबतं. गच्चीची गळती त्यांनी हातात घेतली तेव्हापासून गच्ची गळतेच आहे, पण आता ती न्यायप्रविष्ट होऊन गळते. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“तू नकाशा काढून भिंतीवर लाव. वाटप जाहीर कर. हरकती मागव. हरकती संपल्या की ‘मान्य’ म्हणून त्याच नकाशावर सगळ्यांच्या सह्या घे. जन्मात कोणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.”

मी हा सल्ला ऐकला. माणूस बुडतो तो पाण्याने नव्हे, पोहण्याच्या क्लासने.

२

भिंतीवर लावायचा तर नकाशा मोठा हवा. मोठ्या नकाशाला मोठा कागद हवा. आमच्याकडे कागद हिशेबनीस बाईंच्या ताब्यात असतात. बाई वाचतात ते लिहिलंय तेवढंच. ‘लिहिलंय ते वाचा, वाटतंय ते नको,’ हे त्यांचं वाक्य शाखेत सगळ्यांनी एकदा तरी खाल्लेलं आहे. विम्याच्या धंद्यात हा गुण आहे. कागद मागायला गेल्यावर तो गुण राहत नाही.

“मोठा कोरा कागद ऑफिसच्या कामासाठी देता येतो. खेळ हे ऑफिसचं काम आहे असं कुठे लिहिलंय?”

“मग?”

“पाठकोरे आहेत की.”

एका बाजूने वापरलेले आणि पाठीमागून कोरे कागद आम्ही टाकत नाही, हे या शाखेचं भूषण आहे. माझ्या लग्नाच्या रजेचा अर्जसुद्धा एका फेटाळलेल्या दाव्याच्या पाठीवर लिहिलेला होता. कपाटामागून बाईंनी एक चांगली चादरीएवढी गुंडाळी काढून दिली. पुढच्या बाजूला कसल्यातरी निळ्या रेघा होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाठकोऱ्याची पुढची बाजू बघायची नसते. बघितलं तर वाचावं लागतं.

दोन दिवस खपून मी नकाशा काढला. बेटाला किनारा दिला, वाळवंटाला ठिपके, नदीला वळणं. खरं सांगायचं तर हात चांगला चालला. पण लावायचा कुठे? सगळ्या भिंतींना बांधाबांधीची खोकी लागलेली. शेवटी मी तो माझ्या खिडकीच्या काचेवर चिकटवला. झाड झाकलं गेलं, मांजर झाकली गेली. सार्वजनिक कामात असा त्याग करावा लागतो.

वाटप मी न्यायाने केलं होतं. सगळ्यांना हवी होती दलदल, कारण दलदलीवर चढाई करणाऱ्याची निम्मी फौज बुडते असा नियम आहे. ती मी हिशेबनीस बाईंना दिली, म्हणजे मागायची कोणाची छाती होणार नाही. बेट रिसेप्शनवरच्या मुलीला, कारण ती सर्वांत नवीन. वसुलीच्या दादांना डोंगर, त्यांच्या आवाजाला साजेसा. दावे विभागातले दोघे कायम बरोबर असतात, एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरा संपवतो. शाखेत त्यांना जोडगोळी म्हणतात. त्यांना शेजारशेजारचे दोन प्रदेश, मधून नदी. साहेबांना वाळवंट, कारण ते आकाराने सर्वांत मोठं. मिठागरं कोणालाच नको होती, तिथे फौज वाढत नाही. ती शिल्लक ठेवली.

ढगाळ दिवस होता. लोक येऊन नकाशा बघून गेले. “हात छान आहे तुमचा,” जोडगोळीतला एक म्हणाला. “चित्रकलेत जायला हवं होतं,” दुसरा म्हणाला. हरकत एकही आली नाही. मी घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही.

३

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

सकाळच्या चहाच्या सुमारास ऊन माझ्या खिडकीत येतं. नेहमी ते माझ्या टेबलावर येतं, त्या दिवशी ते नकाशात आलं. रिसेप्शनवरची मुलगी पत्रं द्यायला आली होती, ती तिथेच थांबली.

“अहो काका, तुमच्या नदीत दार आहे.”

मी वळून बघितलं. नकाशाच्या आतून दुसराच नकाशा उमटला होता. बंदराला जिना फुटला होता, डोंगरात एक चौकोनी खांब उभा होता. अक्षरंही होती, पण उलटी. मुलीने पर्समधून छोटा आरसा काढला, नकाशाकडे पाठ केली आणि आरशात बघून वाचायला लागली. “लिफ्ट. जिना. प्रवेशमार्ग...” तोवर शाखा गोळा झाली होती. आरसा बेटावर आला. “साहेबांची केबिन.” मग वाळवंटावर. “रेकॉर्डची खोली.” मग दलदलीवर येऊन ती गप्प झाली.

“वाच ना,” हिशेबनीस बाई म्हणाल्या. “लिहिलंय ते वाच.”

“स्वच्छतागृह.”

“पुरुषांचं की बायकांचं?”

“दोन्ही.”

मग माझ्या लक्षात आलं. बाईंनी दिलेली गुंडाळी म्हणजे नव्या मजल्याच्या आराखड्याची जादा प्रत होती, आणि कोण कोणत्या जागी हे मी स्वतःच्या हाताने तिच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं.

“हा योगायोग आहे,” मी म्हणालो.

वसुलीच्या दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात खांद्यावर आला की थकबाकीदार बसूनच घेतात. “आस्थापनेच्या हातून योगायोग होत नसतात, मित्रा. हे जागावाटप आहे. खेळाच्या नावाखाली.”

५
(चार क्रमांकावर हरकत आलेली आहे.)

“माझ्या प्रदेशाच्या मधोमध खांब आहे.” हे दादा.

“दादा, तो डोंगर आहे.”

“मग टेबल कुठे ठेवू?”

“टेबल नाही ठेवायचं. फौज ठेवायची.”

“आणि फौज काय मांडीवर घेऊन बसू?”

जोडगोळी आली. “आमच्या दोघांच्या मध्ये तुम्ही—”

“—येण्याजाण्याची वाट घातलीत.”

“नदी आहे ती. हवं तर पूल काढतो.”

“पूल नको. इतकी वर्षं आम्ही एकच—”

“—स्टेपलर वापरतो.”

हिशेबनीस बाई उभ्याच राहिल्या. “मला दलदल नको.”

“परवा तुम्हीच म्हणालात, दलदल सुरक्षित आहे.”

“परवा ती नुसतीच दलदल होती.”

“बाई, हा फक्त खेळ आहे हो.”

“असं कुठे लिहिलंय?”

नियमपुस्तिका दाखवली. त्यांनी ती उलटून पालटून बघितली. “यात खेळ कसा खेळायचा ते लिहिलंय. हे वाटप खेळाचंच आहे असं नाही लिहिलेलं.”

मी जितकं नाही म्हणायचो, तितकी लोकांची खात्री पटायची. गुपित असल्याशिवाय माणूस इतकं नाकारेल कशाला? एका अर्थी दिवस बरे गेले म्हणायचे. चहा आधी माझ्या टेबलावर यायला लागला. दादांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. जोडगोळीने तर ते स्टेपलर मला दोन दिवस वापरायला दिलं.

४
(हरकत निकाली. साहेबांची होती.)

साहेबांनी दार लावून घेतलं. नेहमी ते दार लावायला मला सांगतात.

“मला वाळवंट दिलंत.”

“आकाराने सर्वांत मोठं आहे साहेब.”

“त्याच्या मागे काय आहे ते कळलं मला. रेकॉर्डची खोली.” ते खुर्चीत बसले, मग उठले. “हे बघा, मुख्यालयातून तुमच्या कानावर काही आलंय का? माझ्याबद्दल? मोकळेपणाने सांगा.”

मी शपथेवर सांगितलं की काही आलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला अर्धा कप चहा स्वतःच्या हाताने ओतून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला साहेबांची दया आली, आणि दया आली की माझा हात सढळ होतो. बेट साहेबांना दिलं. मुलीला बंदर दिलं, जागा लिफ्टपाशी असली तरी समोरून जग येतंजातं म्हणून तीही खूश. डोंगर मी खोडरबराने हातभर सरकवला. नदी वळवून जोडगोळीच्या बाजूने नेली. पर्वत हलवणं आणि नद्या वळवणं हे मी एका दुपारी केलं. घरातली ट्यूबलाइट बदलायला मला महिना लागतो.

राहिल्या बाई आणि राहिली मिठागरं.

मिठागरं कोपऱ्यात होती. ऊन आलं की तिथे आराखड्यातली दुहेरी रेघ दिसायची. दुहेरी रेघ म्हणजे खिडकी. कोपरा असल्यामुळे दोन बाजूंनी. गॅरेज त्याच अंगाला, म्हणजे झाड, छप्पर आणि मांजर, सगळं एक मजला वरून. रोज चहाच्या वेळी मी तिकडे बघायचो. पेन्सिल हातातच असायची.

घरी बोललो तर बायको म्हणाली, “लिहून टाका ना तुमचं नाव.”

“पंच असून?”

“पंचाला काय बसायला लागत नाही?”

“हे फक्त खेळाचं वाटप आहे. खरं जागावाटप मी पुढच्या आठवड्यात करणार. तेव्हा ती खिडकी आपलीच.”

“बरं,” ती म्हणाली. आमच्या लग्नात ‘बरं’ या शब्दाने जेवढं नुकसान झालंय तेवढं भांडणाने झालेलं नाही.

मी मिठागरं बाईंना दिली. दलदल, नदी आणि उरलेलं वाळवंट तटस्थ जाहीर केलं : इथून कोणीही जावं, राहू नये. खाली ठळक अक्षरात लिहिलं : ‘पंच – प्रदेश नाही.’ मग प्रत्येकाने आपापल्या प्रदेशात सही केली. शेवटी साहेबांनी बेटावर ‘मान्य’ लिहून सही केली. नियमपुस्तिकेला हवं होतं ते सामंजस्य अखेर झालं होतं. मला भरून आलं, आणि पाठोपाठ सर्दी झाली.

(तटस्थ भाग. इथून जावं, थांबू नये.)

सर्दीचा ताप झाला. मी रजेवर होतो.

६

रजेवर असताना नव्या मजल्याचं फर्निचर करणारा सुतार साहेबांकडे आला. टेबलं कुठे ठोकायची ते सांगा म्हणाला, नाहीतर दुसऱ्या कामावर जातो. सुतार दुसऱ्या कामावर गेला की तो परत येत नाही हे साहेबांना माहीत होतं, त्यांचं घर नवीन आहे. त्यांनी माझ्या खिडकीवरचा कागद काढला. एका बाजूला आराखडा, दुसऱ्या बाजूला नावं, प्रत्येक नावावर सही, हरकत शून्य.

“आस्थापनेने इतकं चोख काम याआधी केलं नव्हतं,” असं ते म्हणाल्याचं मला नंतर मुलीने सांगितलं.

सुतार हुशार होता. त्याने प्रत्येक नावावर एक टाचणी आरपार टोचली आणि कागद उलटा केला. आराखड्यावर जिथे जिथे टोक निघालं, तिथे टेबल.

‘पंच – प्रदेश नाही’ हे नकाशाच्या चौकटीबाहेर, समासात लिहिलेलं होतं. तिथे त्याने टाचणी टोचली नाही. समासाच्या मागे इमारत संपत होती.

 

सामान वर गेलं त्या दिवशी मी माझं खोकं छातीशी धरून नव्या मजल्यावर उभा होतो. खोक्यात पंचिंग मशीन, चहाचा कप आणि उशीसारखी एक बसकर. सगळे आपापल्या टेबलाशी लागले होते. दादा खांबापासून सुरक्षित अंतरावर. जोडगोळीच्या मध्ये स्टेपलर. कोपऱ्यात दोन बाजूंनी ऊन येत होतं आणि त्यात हिशेबनीस बाई आकडे तपासत होत्या.

“साहेब, माझं टेबल?”

साहेबांनी कागद बघितला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. “तुम्ही घेतलंच नाहीत की काही.”

“ते खेळाचं होतं हो.”

“आता बदल करायचा तर सगळ्यांच्या सह्या परत घ्याव्या लागतील.” त्यांनी मोठ्याने विचारलं, “कोणाला काही सरकायचंय का?”

शाखेत इतकं काम मी कधी चाललेलं पाहिलं नव्हतं. एकही मान वर झाली नाही. माझ्या गुडघ्याची चौकशी करणारे दादा तर फोनवर बोलत होते, आणि फोन अजून जोडलेला नव्हता.

शेवटी मला जुन्या मजल्यावरचं एक छोटं टेबल मिळालं. ते तात्पुरतं, दलदल आणि नदी जिथे मिळतात तिथे ठेवलं, म्हणजे स्वच्छतागृहाच्या वाटेवर, ट्यूबलाइटखाली. तिथे मला आजवर कोणी ‘बसा’ म्हणालेलं नाही. सगळे म्हणतात ‘जरा सरकता का.’

उद्घाटन झालं. मुख्यालयाचे पाहुणे आले, पट मांडला, फासे ठेवले. पण पहिली चढाई करायला कोणी तयार होईना. “हरलो तर?” दादांनी हळूच विचारलं. जोडगोळीने फाशांना हात लावायचं नाकारलं, दोघांनी वेगवेगळं. साहेब म्हणाले, आमच्या शाखेत इतकी संघभावना आहे की कोणी कोणावर चढाई करत नाही. पाहुण्यांना हे फार आवडलं. खेळ बंद झाला तो कायमचा, आणि खोकं माझ्या टेबलाखाली आलं, कारण बाकी कोणाच्या प्रदेशात जागा नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “ते पुस्तक पूर्ण वाचलंत का तुम्ही? की पहिलंच पान?”

कोणीच वाचलं नव्हतं. भांडण पहिल्या पानावरच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी टेबलाखालून नियमपुस्तिका काढली आणि शेवटपर्यंत वाचली. मग एका पानावर बोट ठेवून, दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो.

“बाई, लिहिलंय ते वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. “‘पंचास स्वतःचा प्रदेश नसतो. त्यास कोणत्याही प्रदेशातून विनाअडथळा जाता येते.’”

“तर मी जरा इथे, खिडकीशी, खुर्ची घेऊन—”

“जाता येते असं लिहिलंय. बसता येते असं नाही.”

नियमपुस्तिका काखेत मारली. मी कप सांभाळत चालायला लागलो. एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत आठदहा पावलं असतील. पहिल्या खिडकीतून झाड दिसलं. वरून बघितल्यामुळे ते झाड न वाटता झुडूप वाटत होतं. मग पत्र्याची कड आली. मांजर अजून यायची होती, आणि माझी खिडकी संपत आली होती.

मागे कॅल्क्युलेटरची टकटक थांबली.

“सावकाश जा,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “सावकाश जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही.”